पटावर नसलेली मुलगी

गावात दहावी झालेली सून मी एकटीच होते. एवढ्यावरून मला लहान मुलांमधलं कळतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आमचं गाव रोह्यापासून आतल्या अंगाला, भातशेतीचं. अंगणवाडी मंजूर झाली तेव्हा सरपंच आणि तालुक्याहून आलेल्या एक बाई आमच्या ओटीवर बसल्या, चहा प्यायल्या आणि माझ्या सासऱ्यांशी बोलायला लागल्या. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. सासरे म्हणाले, "तिलाच विचारा." मी पुढे होईपर्यंत सासूबाईंनीच आतून उत्तर दिलं, "जाईल ती. का नाय जाणार?"

माझे यजमान तेव्हा रोह्याला कंपनीत शिफ्टला होते. ते घरी आले तोवर कागदावर माझी सही झाली होती. "बरं झालं," म्हणाले आणि आंघोळीला गेले. मला मात्र बरं झालं की काय झालं ते कळेना.

कागद मी नंतर नीट वाचला. प्रशिक्षण तीन महिन्यांचं, पेणला, तिथेच राहून करायचं. खाली एक ओळ होती: प्रशिक्षणार्थींनी लहान मूल सोबत आणू नये. ती ओळ मी तीनदा वाचली. लहान मुलांना कसं सांभाळायचं ते शिकायला जायचं, आणि जाताना आपलं लहान मूल घरी ठेवायचं. माझी मुलगी अडीच वर्षांची होती. अंगावरचं दूध नुकतंच सुटलं होतं, पण झोपताना माझ्या कानाची पाळी हातात लागायची तिला.

"मी हाय ना," सासूबाई म्हणाल्या. "पाच पोरं वाढवली मी. ही काय जड हाय?"

निघायच्या दिवशी युक्तीही त्यांनीच काढली. त्या मुलीला कडेवर घेऊन गोठ्यात वासरू दाखवायला गेल्या आणि मी ट्रंक उचलून मागच्या दाराने बाहेर पडले. रोह्याहून एसटी धरली. वडखळला गाडी बदलायची होती. तिथे बाकावर एक बाई मांडीवरच्या मुलाला काकडी भरवत बसली होती. मी तिच्याकडे इतकी टक लावून बघत राहिले की शेवटी तिने पदर सारखा केला आणि पाठ फिरवली.

पेणचं केंद्र एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही तीसेक बायका. खिडकीखाली मागच्या अंगणात गणपतीचा कारखाना होता आणि रंग न दिलेल्या मूर्ती फळ्यांवर वाळत ठेवलेल्या असायच्या. सकाळी आम्हांला अभिनयगीतं शिकवत. तीस बायका पदर खोचून बेडूक व्हायच्या, उड्या मारायच्या आणि खालच्या गोदामाचं छत धडधडायचं. कारखान्यातले कारागीर हात थांबवून वर बघायचे. पहिल्या आठवड्यात मला त्याची लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात वाटली नाही, तर लाज वाटत नाही याचीच लाज वाटली.

शिकवायला मुख्य एक मॅडम होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस बरेच पिकलेले, बोलणं अगदी हळू. आम्हां सगळ्यांना त्या "अहो ताई" म्हणायच्या. माझ्या शेजारी जिची वळकटी होती ती खाडीकाठच्या गावची, चार मुलांची आई. ती त्यांना भीत नसे. ती कुणालाच भीत नसे.

चौथ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं की मुलाला फसवून, त्याची नजर चुकवून आईने निघून जाऊ नये. मुलाचा मग माणसांवरचा विश्वास डळमळतो. मी ते वहीत चांगल्या अक्षरात उतरवून घेतलं. पूर्णविराम दिला, आणि मग मला कळलं की मी काय लिहिलंय.

हात वर करून विचारलं, "मॅडम, एखादी गेलीच असेल तशी, तर?"

"तर परत आल्यावर मुलाला सरळ सांगायचं. मी गेले होते. आता आले."

"अडीच वर्षांच्या मुलाला कळतं?"

"कळतं."

माझ्या शेजारणीने कोपराने ढोसलं आणि कुजबुजली, "मांजराला पन कलतं गो."

पुढचे दिवस असेच गेले. रोज एखादी गोष्ट शिकायची, आणि ती आपण घरी उलटी करत आलोय हे रोज कळायचं. मुलाला सारखं "नको, नको" म्हणू नये. जेवताना गोष्टीत गुंतवून घास कोंबू नये. पाच वर्षांच्या आत अक्षरं गिरवायला लावू नये. बागुलबुवाची भीती घालू नये. बागुलबुवा आमच्या घरी माळ्यावर राहायचा आणि रोज जेवायच्या वेळी खाली यायचा. मी शेजारणीला म्हटलं, "मी एकही गोष्ट बरोबर केलेली नाही." ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, "माजी चार तर मंग वायाच गेली. पन थोरला बोट चालवतो, दुसरी शालंत पयली येते. आता ह्यांना कवा सांगू का तुमी वाया गेलाव?" मी हसले. पण मला त्याचं उत्तरही हवं होतं. आम्ही दोघी, आमच्या आया, सगळ्या जर चुकत आलो, तर मग आम्ही मोठ्या झालो कशा? आणि चुकत नव्हतो, तर इथे कशाला आलो?

एकदा मॅडमनी नाटुकलं करायला लावलं. मी आई, शेजारीण मूल. मूल अंगणवाडीत पहिल्यांदा येतं, आई निरोप घेऊन जाते, एवढंच करायचं होतं. शेजारणीने माझ्या निऱ्यांना असा काही हिसका दिला आणि असा भोंगा पसरला की सगळा वर्ग लोटपोट झाला. मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "मी आता जाते, जेवायच्या वेळी येते." दाराबाहेर गेले, जिन्यात उभी राहिले. आतून मला बोलावत होते, "आता या, वेळ झाली." माझे पाय हलेनात. शेवटी शेजारीण बाहेर आली, माझं तोंड बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "आईची एसटी चुकली!"

तीन आठवड्यांनी पहिल्यांदा रविवारी घरी जायला मिळालं. अंगणात मुलगी सासूबाईंच्या मागे उभी होती, त्यांच्या लुगड्याचा बोळा हातात धरून. मी चपला काढल्या, लांबच उकिडवी बसले, तिच्या उंचीला. मॅडमचं वाक्य म्हटलं, "मी गेले होते. आता आले."

तिने मला नीट बघितलं. मग मान वर करून आजीला सांगितलं, "आजी, पावनी आली."

सासूबाई खो खो हसल्या. सासरेही हसले. मीही हसले, दुसरं काय करणार होते? दुपारपर्यंत ती माझ्याजवळ आली, माझ्या बांगड्या फिरवून बघितल्या, कुशीत झोपलीसुद्धा. कानाला मात्र हात लावला नाही.

परत निघताना मी ठरवलं की या वेळी फसवायचं नाही. तिला समोर घेतलं आणि सांगितलं की मी आता जाणार, पुन्हा येणार. ती जी रडायला लागली ती मी वळणावर पोचले तरी ऐकू येत होती. सासूबाई तिथवर मागे आल्या, धापा टाकत. चिडल्या होत्या.

"गुपचूप गेलीस तवा दोन तासांत गप झाली होती. आता आजचा दिवस गेला माझा. ह्येच शिकवतात काय तुला तिकडं?"

मी वळले आणि चालायला लागले. एसटीत सगळा वेळ मी मनात दोन तास एका पारड्यात घालत होते आणि विश्वास दुसऱ्यात. वडखळ आलं तरी काटा कुठे झुकत नव्हता.

मग मॅडमनी निरीक्षणवह्या वाटल्या. एक मूल निवडायचं, ते काय करतं ते रोज लिहायचं. नियम एकच. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. "मूल हट्टी आहे" असं लिहिलेलं चालणार नाही. "मुलाने ठोकळा तीनदा मागितला, चौथ्यांदा ओढून घेतला" असं लिहा. हे मला सगळ्यात अवघड गेलं. माझी पहिली पानं लाल रेघांनी भरून परत यायची. "आनंदी" खाली रेघ, "लाजाळू" खाली रेघ, "बिचारा" खाली दोन रेघा. मी विचारलं, "मॅडम, वाटणं सगळं काढून टाकलं तर मग राहतं काय?" त्या म्हणाल्या, "मूल राहतं." ते मला त्या वेळी फार मोठं वाटलं आणि खोलीवर येईपर्यंत त्याचा अर्थ निसटून गेला.

दोन महिने होत आले तेव्हा प्रत्यक्ष कामासाठी आम्हांला वेगवेगळ्या अंगणवाड्यांत पाठवलं. रोहा तालुक्यातल्या आम्ही चौघी अष्टमीला. रोह्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. दहा दिवस तिथेच एका खोलीत चौघींनी राहायचं, संध्याकाळी बसून दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं टाचण काढायचं. घर तिथून जवळ, मी कुठे आहे ते यजमानांकरवी घरी कळवलंही होतं, तरी घरी जायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. "मन दोन ठिकाणी ठेवू नका," म्हणाल्या.

अंगणवाडी एका गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत भरायची. तिथली मुलं सगळी मिसळीची. कुणाची आई भाजी विकायची, कुणाचा बाप कंपनीत, कुणाचा आखाती देशात. एका मुलीच्या बापाने तिकडून बूट पाठवले होते. पाऊल टाकलं की त्यांतून शिट्टी वाजायची. पाच वर्षांची ती मुलगी सगळ्या वर्गावर राज्य करायची. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, तुम्ही नवीन हाय ना? मी सांगते तुम्हांला सगळं." आणि खरोखरच सांगितलं. सुकडी कुठे ठेवतात, कोण चावतं, कोण चड्डी ओली करतं. माझ्या टाचणापेक्षा तिची माहिती पक्की होती.

आठव्या दिवशी माझा तपासणीचा पाठ होता. मॅडम पेणहून आल्या होत्या आणि मागे एका बुटक्या खुर्चीवर वही घेऊन बसल्या होत्या. मी मातीकाम घेतलं होतं. पेणच्या कारखान्यातून मागून आणलेली शाडू ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. प्रत्येक मुलाला एक गोळा द्यायचा. काय करायचं ते सांगायचं नाही, केलेलं सुधारायचं नाही. मुलं मांडी घालून बसली, कामाला लागली. सगळं छान चाललं होतं. 

तेवढ्यात दारात मदतनीस आली. तिच्या बोटाला धरून माझी मुलगी उभी होती. केसांना चप्प तेल, दोन शेंड्या, अंगात मी शिवलेला पिवळा झगा. झगा तिला आखूड झाला होता.

मदतनीस म्हणाली, "एक आजी सोडून गेली हिला. डोळे दाखवून येते, तवर पोरांत बसवा म्हनाली."

मॅडमनी वहीतून मान वर केली. "पटावरची आहे का?"

"नाय. पयल्यांदाच बघते मी हिला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या ओळखीची आहे का, ताई?"

आणि मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मूल सोबत आणू नये ही कागदावरची ओळ आठवली असेल. आठ दिवस संपले, दोन राहिले, आता कुठे नियम मोडल्याचा ठपका यायला नको असं वाटलं असेल. पाठ चालू होता, मार्क चालू होते. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. तेव्हा त्यांतलं एकही डोक्यात नव्हतं. डोकं रिकामं होतं आणि तोंडातून "नाही" बाहेर पडलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने ऐकलं, एवढं मला दिसलं.

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "नवीन मूल मध्येच आलं तर काय करायचं, ते आयतंच बघायला मिळेल. चालू द्या."

मग मी पुस्तकाप्रमाणे सगळं केलं. तिच्यापासून दोन हात लांब, तिच्या उंचीला बसले. अंगाला हात लावला नाही, ओढलं नाही. म्हटलं, "इथे माती आहे. तुला हवं तर बस. नुसतं बघायचं असेल तर तेही चालेल." माझा आवाज छान निघत होता. हा आवाज मी पेणला शिकले होते.

ती रडेल असं मला वाटत होतं. धावत येऊन गळ्यात पडेल, आणि मग जे व्हायचं ते होऊन जाईल. ती रडली नाही. थोडा वेळ उभी राहिली. बुटांची शिट्टी वाजली, ती मोठी मुलगी उठून आली, आपल्या गोळ्याचे दोन तुकडे केले आणि एक हिच्या हातात देऊन म्हणाली, "बस गो. ह्या बाई मारत नाय." माझी मुलगी तिला चिकटून बसली आणि माती थापटायला लागली.

मी इतर मुलांत फिरत होते. कुणाचा साप, कुणाची भाकरी, कुणाचं नुसतंच काहीतरी. प्रत्येकाकडे बघून "हं" म्हणत होते. मग मागून आवाज आला.

"बाई, बघा."

मी वळले. ती हात पुढे करून उभी होती. तळहातावर एक चपटी गोळी, तिच्यावर बोटाचा ठसा. "बाई, बघा." सगळी मुलं तेच म्हणत होती, तिने ऐकून उचललं असेल. पण आमच्या घरात आईला कुणी "बघा" म्हणत नाही. आईला आपलं "बघ गो".

ती खेळत होती का? मला ओळखून, मी केलं तसं तिनेही केलं का? की दोन महिन्यांतल्या येण्याजाण्यात, वेगळ्या आवाजात, वेगळ्या खोलीत, मी तिला खरोखर दुसरीच कुणी बाई वाटले? मी तिच्या डोळ्यांत शोधत होते. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. मी "हं" म्हटलं. ती जाऊन बसली.

पाठ संपला. मॅडम उठून आल्या आणि म्हणाल्या, "छान झालं. त्या नवीन मुलीला फार हळुवारपणे सामावून घेतलंत." मी मान डोलावली. त्याहून मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. मुलीला पुढे घेत म्हणाल्या, "चल गो बाय. आईला टाटा केलास काय?"

मॅडमचा हात वहीवरच थांबला. त्यांनी शांतपणे विचारलं, "आई कुठे आहे हिची?"

"ही काय उभी," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे हात केला.

 सासूबाईंनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मुलीला कडेवर घेतलं आणि वळून चालायला लागल्या. मुलीने त्यांच्या खांद्यावरून मला हात हलवला. शहाण्या मुलासारखा, सगळी मुलं बाईंना करतात तसा.

मुलं घरी गेल्यावर मी मॅडमपुढे उभी राहिले. मला वाटलं आता विचारतील. त्या खुर्च्या भिंतीला लावत होत्या. म्हणाल्या, "आजचं निरीक्षण लिहा."

"काय लिहू?"

"दिसलं ते."

खोलीवर इतर तिघी टाचणं काढत होत्या, मी भिंतीशी वही घेऊन बसले. पाच-सहा ओळींना सबंध दुपार गेली. त्या ओळी मला अजून तोंडपाठ आहेत: मुलगी, वय अडीच वर्षे, मदतनीसबाईंबरोबर आली. मुलगी बाईंकडे बघत होती. मॅडमनी बाईंना विचारले, ओळखीची आहे का. बाई म्हणाल्या, नाही. बाई घाबरल्या होत्या. मुलीने मातीची गोळी केली, बाईंना दाखवली. बाईंनी तिला उचलले नाही.

दुसऱ्या दिवशी वही परत मिळाली. मी खोलीबाहेर जाऊन उघडली. एकाच ठिकाणी लाल रेघ होती. "बाई घाबरल्या होत्या" याच्याखाली. बाजूला लिहिलं होतं, "हे दिसलं की वाटलं?" बाकी नुसती सही.

पेणला परतल्यावर मी एकदा धीर करून मॅडमना गाठलं. "मॅडम, मी नापास आहे का?"

"कशात?"

मी वहीतलं लाल रेघेचं पान उघडून पुढे केलं.

"मार्क पाठाला असतात, ताई," त्या म्हणाल्या. "पाठ चांगला झाला होता." आणि जिना उतरून गेल्या. ही माफी होती, की शिक्षा, की त्यांना खरोखर पाठापलीकडे काही म्हणायचंच नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. शेजारणीला सांगितलं तर तिने हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "घरी जा नि पोरीला जवल घे. दुसरं काय कलत नाय मला."

पास झाले. प्रमाणपत्र घेऊन घरी आले. सासूबाईंनी सामान उतरवून घेतलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी पडवीत वाल सोलत बसलो होतो तेव्हा खाली मान घालूनच म्हणाल्या, "तू तिला वळख दिली नायस. व्हय ना?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुझ्या त्या मॅडमचं तोंड बघितलं मी."

मी वालाच्या साली गोळा करत राहिले.  मग मीच विचारलं, "डोळे बरे आहेत का आता? काय म्हणाले डॉक्टर?"

"कसला डॉक्टर. डोळ्यांना काय झालंय माझ्या?" त्या म्हणाल्या. "रोज विचारायची गो ती, आई कवा येल, आई कवा येल. मला वाटलं नेऊन सोडावी, म्हंजे तुला उचलावीच लागेल. मॅडम नि फॅडम गेली उडत."

"मग तेवढा वेळ कुठे होतात?"

"पुलावर उभी होते. पानी बघत."

म्हणजे ती रोज विचारत होती. मग पाहुणी कशी म्हणाली? मग मला बाई का म्हणाली? मी हे त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठाव? तुझी पोरगी हाय, शिकून तू आलीस."

आमच्या गावची अंगणवाडी मारुतीच्या देवळाच्या धर्मशाळेत सुरू झाली. पहिल्या दिवशी अकरा मुलं आली, त्यांत माझी मुलगी. या वेळी तिचं नाव मी स्वतः पटावर लिहिलं. मला तिथे सगळी मुलं बाई म्हणायची आणि तीही म्हणायची, त्यात काही वावगं नव्हतं. पण ती घरीही बाई म्हणायला लागली. "बाई, पानी दे." "बाई, वेनी घाल." यजमानांना त्याची गंमत वाटायची, शेजारीपाजारी पोरीला मुद्दाम बोलतं करायचे. सासूबाई डोळे वटारायच्या, "आई म्हन गो!" मी त्यांना अडवायचे. मुलावर जबरदस्ती करू नये, असं शिकले होते. आणि खरं सांगायचं तर, मला तो शब्द तिच्याकडून मागायचा हक्क आहे की नाही याचीच खात्री नव्हती. कधी वाटायचं, आपण गप्प बसतोय ही समज आहे. कधी वाटायचं, हा नुसता भित्रेपणा आहे. एकदा ती अंगणात जोरात पडली, गुडघा फुटला. मी धावले. ती माझ्या कडेवर बसून "आजी, आजी" करून रडत राहिली. मी तिला आजीकडे दिली आणि हळद आणायला आत गेले.

भातं कापून झाली. झोडणी चालू होती, घरात माणसांची ये-जा होती. त्यातल्याच एका दुपारी मी सात-आठ जणांची पानं वाढत होते. आमटी, भात, पुन्हा आमटी. कुणीतरी मीठ मागितलं, कुणी पाणी. माझ्या पाठीमागे मुलगी हाक मारून काहीतरी मागत होती, तिला मी भाजलेला पापड मोडून दिला आणि पुढच्या पानाकडे वळले. चुलीपाशी सासूबाई हातात पळी घेऊन तशाच थांबल्या होत्या.

"ऐकलंस काय?"

"काय?"

"काय म्हनाली ती तुला, ऐकलंस काय?"

मी वळून बघितलं. मुलगी पापड खात खात दाराबाहेर निघाली होती. "पापड मागितला ना," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे काही वेळ बघितलं. मग पळी आमटीत घातली. "व्हय," म्हणाल्या. "पापडच मागितला. जा, भात वाढ त्यांना."